कंबरेकडे बघ

मुलगी आठवीत होती तेव्हाची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांच्या शाळेत नोटीस लागली, की मुलींची फुटबॉलची टीम करायची आहे, सुट्टी संपली की ट्रायल्स. तिने ते मला रात्री जेवताना सांगितलं. मी नुकताच न्हावा शेव्याहून आलो होतो. कस्टम क्लिअरिंगच्या कामात माझा निम्मा दिवस उभ्याने जातो. कंटेनर उघडतात, माल खाली काढतात, अधिकारी बघतात, माल परत भरतात, आणि तोवर आपण कागद घेऊन शेजारी उभे. त्या दिवशी येताना आमची बस ट्रेलरच्या रांगेत अडकली होती. तोंडात घास होता, पण चावायचाही कंटाळा आला होता.

"बाबा, माझी तयारी घेशील?" तिने विचारलं.

मला वाटलं गणिताची. मी हो म्हणालो.

"मग उद्यापासून सकाळी. संध्याकाळी ग्राउंडवर क्रिकेटवाले असतात."

"ग्राउंडवर?"

"मग फुटबॉल काय हॉलमध्ये खेळायचा?"

बायको आतून हसली. ती वाशीला एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, आणि त्या आठवड्यात तिची सकाळची ड्युटी होती. "तुम्हाला फुटबॉलमधलं काय कळतं?" तिने बाहेर येऊन विचारलं. ते खरंच होतं. माझे वडील साताऱ्याकडून आलेले, कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. आमच्या वस्तीत मंडळाची कबड्डीची टीम होती, तिच्यात मी डाव्या कोपऱ्यात उभा राहायचो. फुटबॉल मी टीव्हीवरसुद्धा पूर्ण पाहिलेला नव्हता. पण हो म्हणून झालं होतं, आणि मुलगी ताटावरून उठून बूट शोधायला गेली होती.

माझी बस सातच्या सुमाराला निघते. त्याआधी अंघोळ, डबा. म्हणजे ग्राउंडवर अंधारातच जायला हवं. नेरूळला आमच्या सेक्टरचं ग्राउंड बरं मोठं आहे. त्या वेळी तिथे कडेकडेने चालणारी म्हातारी माणसं आणि मधोमध झोपलेली कुत्री. ओहोटी असली की खाडीचा वास थेट तिथपर्यंत येतो. मुलीचा बॉल तिच्या आतेभावाने टाकून दिलेला होता, त्याची हवा हळूहळू जायची. गेटवरच्या शहाळीवाल्याकडून आम्ही आदल्या दिवशीची रिकामी शहाळी मागून घेतली आणि ती ओळीत मांडली. त्यांच्यामधून नागमोडी बॉल न्यायचा, असं मी फोनवरच्या एका व्हिडिओत बघितलं होतं. तो व्हिडिओही मी अर्धाच बघितला होता, कारण बसमध्ये मला झोप लागली.

पहिल्या शहाळ्याला वळसा घालून बॉल जो सुटायचा तो सरळ चालणाऱ्या आजोबांच्या पायांत. मग मी धावत जाऊन, "सॉरी काका," म्हणून तो आणायचा. दुसऱ्या फेरीत पुन्हा तेच. पहिल्या आठवड्यात ती जितकी पळाली त्याच्या दुप्पट मी पळालो असेन. घरी येऊन अंघोळ करताना गुडघा ठणकायचा. बायकोने बांधायला पट्टा आणून दिला. "आता दोन पेशंट झाले," ती म्हणाली. एक कोण आणि दुसरा कोण हे तिने सांगितलं नाही.

दिवाळीचे दिवस आले तरी सुट्टी नाही. ग्राउंडभर फटाक्यांचे लाल कागद पसरलेले, हवेत बारुदाचा वास, आणि आम्ही दोघं त्या कागदांवरून बॉल ढकलतोय. पाडव्याला सगळी सोसायटी नवे कपडे घालून खाली उतरली, तर मी सोफ्यावर बसल्या बसल्या झोपलेला. ऑफिसात कंटेनरच्या सीलचा नंबर चुकीचा वाचून मी सगळ्यांना थांबवून ठेवलं. साहेबांनी आपला चष्मा पुढे करून विचारलं, "माझा हवाय का?" झोप अशी डोळ्यांच्या मागे कायम बसून असायची. उठून जायचं नावच घ्यायची नाही.

आणि या सगळ्यात एक गोष्ट मला दिसायला लागली होती, ती न दिसती तर बरं झालं असतं. मुलीच्या पायाशी बॉल राहत नव्हता. पळण्यात ती जोरदार होती, दमायची नाही, चिडायची नाही, सांगितलेलं सगळं करायची. पण बॉल म्हणजे जणू तिच्या पायाला चुकून लागलेली वस्तू. दुसरी मुलं बॉल नुसता थांबवतात तेव्हाही त्यांचा पाय काही वेगळाच वागतो. तिचा तसा वागत नव्हता. मला खेळातलं कळत नसलं तरी इतकं कळत होतं.

एकदा बायको नाइट संपवून परस्पर ग्राउंडवर आली. गेटपाशी पर्स धरून उभी राहिली, आम्हाला हाकही मारली नाही. परत जाताना मुलगी बॉल घेऊन पुढे चालत होती. बायको हळू आवाजात म्हणाली, "तिच्यात ते नाहीये, हो. तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय."

"मग?"

"मग काय? हो म्हणालोय."

"तुमचं तोंड बघा आरशात. माझ्या वॉर्डातली माणसं बरी दिसतात." मग थोड्या वेळाने, "तिला आधीच सांगितलेलं बरं. तिथे सगळ्यांसमोर कळण्यापेक्षा."

मी सांगायचं ठरवलं, पण मला सांगावं लागलं नाही. दोन दिवसांनी ग्राउंडवर पाणी पिताना तिनेच विचारलं, "बाबा, मी चांगली आहे का?"

"खरं सांगू?"

"खरंच सांग."

"पळण्यात तुला कुणी गाठणार नाही. पण बॉल पायाशी राहत नाही अजून."

"अजून, की राहणारच नाही?"

"ट्रायल्सपर्यंत तरी नाही."

ती शहाळ्यावर पाय ठेवून उभी राहिली. मला वाटलं, आता रडेल, मग आपण घरी जाऊ आणि उद्या मी झोपेन. असा विचार माझ्या मनात आला, लपवून काय करू. पण ती रडली नाही. म्हणाली, "मला टीममध्ये जायलाच पाहिजे."

"का पण? तुला इतका फुटबॉल कधीपासून आवडायला लागला?"

तेव्हा तिने सांगितलं. समोरच्या बिल्डिंगमध्ये तिची मैत्रीण राहते. बालवाडीपासून दोघी एकत्र. शाळेत एकत्र जाणार, डबा एकत्र खाणार, घरी येऊन पुन्हा फोनवर बोलणार. ती मैत्रीण पाचवीपासून अकॅडमीत फुटबॉल शिकायला जायची आणि चांगली खेळायची, हे आम्हालाही माहीत होतं. "ती टीममध्ये जाणारच," मुलगी म्हणाली. "मग सकाळी प्रॅक्टिस, शाळेनंतर प्रॅक्टिस, शनिवारी मॅच. तिच्या सगळ्या नव्या मैत्रिणी तिकडच्या होणार. मी एकटी जाणार-येणार."

"मग तिलाच सांगायचं ना, शिकव म्हणून."

"नको. तिला वाटेल मी तिच्या मागे मागे करते."

हे ऐकल्यावर मी गवतावर बसलो. गुडघा दुखत होता म्हणूनही बसलो. तेरा वर्षांच्या मुलीला असं काहीतरी वाटत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी इतके दिवस शहाळी मांडत होतो.

"बॉल नेता येत नाही ना," मी म्हणालो, "मग दुसरीला नेऊ द्यायचा नाही. तेही एक कामच असतं की टीममध्ये."

"डिफेन्स?"

"तेच. अडवायचं. अडवण्यातलं मला थोडं कळतं."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही शहाळी मागायची बंद केली. कबड्डीत चढाई करणारा समोर येतो तेव्हा तो हात हलवतो, मान हलवतो, डोळ्यांनी एकीकडे बघतो आणि दुसरीकडे जातो. कोपऱ्यात उभं राहणाऱ्याला आमचे वस्ताद एकच सांगायचे. त्याच्या डोळ्यांकडे बघू नकोस, पायांकडे बघू नकोस, कंबरेकडे बघ. माणसाला खोटं बोलायचं असेल तर तो सगळ्या अंगाने बोलेल, पण कंबर जिकडे वळते तिकडेच त्याला जावं लागतं. मी मुलीला गुडघ्यात वाकून उभं राहायला शिकवलं, वजन टाचेवर न देता सरकायला शिकवलं. मला बॉल नेता येत नव्हता, म्हणून मी बॉलशिवायच तिच्या अंगावर धावून जायचो आणि हुलकावणी देऊन निसटायला बघायचो. पहिले दोन-तीन दिवस मी निसटलो. मग ती मला निसटू देईना.

"कुठे बघत होतीस?"

"कंबरेकडे."

"बॉल असेल तेव्हाही तिथेच. बॉल कुठे जातोय ते कंबरच सांगते."

चालणारे एक आजोबा थांबून म्हणाले, "अहो, हा कुठला फुटबॉल?" मी म्हटलं, आमच्या घरचा. मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं होतं. थकवा होताच. उलट वाढलाच होता, कारण आता नुसता बॉल आणायचा नव्हता, तर अंग झोकून पळायचं होतं, आणि माझं वय काही ते नव्हतं. पण आपल्याला येतं ते आपण देतोय, एवढं तरी होतं.

ट्रायल्स शनिवारी होत्या. मी रजा टाकली. शाळेच्या ग्राउंडला एका बाजूने पायऱ्या आहेत, तिथे आई-वडील बसले होते. माझ्या शेजारी त्या मैत्रिणीची आई येऊन बसली. बाई मोकळ्या स्वभावाच्या. थर्मासमधून चहा ओतून मलाही दिला. "तुमचीपण आहे? आम्हाला बोललीच नाही ती," त्या म्हणाल्या. मैत्रीण उंच, सडसडीत, केस घट्ट बांधलेले. पोरीने नुसता बॉल पायावर झेलला तरी बघत राहावं. माझ्या मुलीला मैदानावर बघून ती धावत आली, "तू? वेडी! सांगायचं ना!" म्हणून गळ्यात पडली. मला बरं वाटलं.

आधी पळायला लावलं. मग पासिंग. पासिंगमध्ये आमच्या मुलीचं व्हायचं तेच झालं. मी चहाच्या कपात बघत बसलो. मग खेळाच्या सरांनी मुलींच्या दोन बाजू केल्या, एकीला हिरवी जाकिटं, दुसरीला केशरी, आणि मॅच खेळायला सांगितलं. मैत्रीण केशरी, पुढे. आमची हिरवी, मागे.

थोड्याच वेळात मैत्रीण बॉल घेऊन सरळ निघाली. दोघींना चुकवून ती आमच्या मुलीसमोर आली, डावा खांदा किंचित खाली घातला आणि उजवीकडे वळली. मुलगी आधीच त्या बाजूला उभी होती. बॉल तिच्या नडगीला लागून बाहेर गेला.

"अरे वा, तुमचीनं अडवलं की!" मैत्रिणीची आई हसून म्हणाली.

पुन्हा तसंच झालं. तिसऱ्या वेळी मैत्रीण डावीकडून आली, तीही वाट बंद. मुलगी आडवी आली नाही, ढकललं नाही, हात लावला नाही. वाकलेली, सरकत सरकत, सतत समोर. आठ-नऊ वर्षांची मैत्री होती. ती खांदा कधी घालते, कधी थांबते, हे मुलीला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. पुढच्या वेळी मैत्रीण वळता वळता घसरली, गुडघा खरचटला. सरांनी हाताने खूण केली, चालू ठेवा. मुलीने बॉल लांब मारून टाकला आणि आपल्या जागेवर गेली. मैत्रीण उठून तिच्याकडे बघत राहिली. मग ती लांबूनच गोलवर मारायला लागली, एकही आत गेला नाही. पायरीवर शेजारच्या बाईंनी थर्मासचं झाकण फिरवून बंद केलं.

नावं तिथेच वाचून दाखवली. आमच्या मुलीचं नाव डिफेन्सच्या मुलींत आलं. मैत्रिणीचं नाव सगळ्यात शेवटी, राखीव खेळाडूंत. तिची आई सरांकडे गेली. मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने सर म्हणाले, "खेळते चांगली. पण अडवल्यावर एकदाही तिने दुसरीला पास दिला नाही, मॅडम." बाई परत आल्या, पिशवी उचलली आणि मला म्हणाल्या, "अभिनंदन हं." मैत्रीण तोवर गेटपर्यंत पोचली होती.

घरी आल्या आल्या मुलगी तिच्या खोलीत गेली. बायको पेढे घेऊन आली होती, तो बॉक्स तसाच ओट्यावर राहिला. संध्याकाळी मी मुलीच्या खोलीत गेलो. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"तू तिला मुद्दाम अडवलंस असं तिला वाटलं का?"

"माहीत नाही." मग उठून बसली. "बाबा, मला तेव्हा ती आहे असं वाटलंच नाही. मला फक्त कंबर दिसत होती."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो तिने बाजूला केला.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "राखीववाल्यांनापण रोज प्रॅक्टिसला यायचं असतं ना?"

"असणार."

"मग ती येईल."

सोमवारी सकाळी मी तिला सहाच्या आत शाळेच्या ग्राउंडवर सोडलं. मैत्रीण आली नव्हती. मंगळवारीही नाही. बुधवारी मुलगी म्हणाली, मी आजपासून जाणार नाही. बायकोची त्या दिवशी सुट्टी होती. ती पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, "नाही गेलीस तर ती येणार आहे का?"

"नाही."

"मग?"

"मग काय, मला नाही जायचं."

"ठीक आहे. पण जायचं नसेल तर ते तू सरांना जाऊन सांगायचं. बाबा सांगणार नाहीत, मी सांगणार नाही." मुलगी उठून बूट घालायला लागली. मला वाटलं, सांगायला चालली आहे. तिने सांगितलं नाही. तशीच खेळून आली.

त्या संध्याकाळी मी आणि मुलगी समोरच्या बिल्डिंगमध्ये गेलो. दार मैत्रिणीच्या आईने उघडलं. "झोपली आहे," त्या म्हणाल्या. आतून टीव्हीवर तिचाच आवडता कार्यक्रम ऐकू येत होता. आम्ही जिना उतरून आलो. मुलगी एवढंच म्हणाली, "झोपू दे."

त्यानंतर दोन-अडीच महिने माझे तसेच गेले. तिला सोडायचं, घरी यायचं, बस पकडायची, बसमध्ये मान टाकायची. आधी मला वाटलं होतं, ट्रायल्स झाल्या की सुटलो. टीममध्ये घेतलं म्हणजे पहाट आता कायमची गेली, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. शाळेत दोघी एका वर्गात, पण डबे वेगळे झाले होते. मुलगी सकाळी ग्राउंडवरून परस्पर वर्गात जायची आणि संध्याकाळी टीममधल्या दोघींबरोबर यायची. त्या दोघींशी तिचं बरं जमलं. हसण्याचा आवाज मला खालून ऐकू यायचा. तरी जिना चढायच्या आधी ती समोरच्या बाल्कनीकडे एकदा बघायची. मी घरी असलो की खिडकीतून ते बघायचो, आणि आत वळायचो.

शाळांच्या स्पर्धेत त्यांची टीम पहिल्याच मॅचला हरली, तीसुद्धा वाईट. मुलगी सगळा वेळ खेळली. एक गोल तिच्याच बाजूने झाला. मी जवळ गेलो तर मला म्हणाली, "त्या मुलीला कंबरच नव्हती रे बाबा. कशी वळायची कळेचना." ती इतक्या गंभीरपणे म्हणाली, की मला हसू आलं, मग तिलाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तिने सांगितलं, की मैत्रिणीने मधल्या सुट्टीत येऊन विचारलं, किती गोलनी हरलात?

"मग?"

"सांगितलं. ती म्हणाली, बापरे. मग तिने तिच्या डब्यातली भाजी दिली मला."

"बरं वाटलं?"

तिने खांदे उडवले. "माहीत नाही. पूर्वीसारखं नाही वाटलं. पण बरं वाटलं."

मैत्रीण पुढे बॅडमिंटनला जायला लागली. आता दोघी कधी बरोबर येतात, कधी येत नाहीत. एकमेकींच्या वाढदिवसाला जातात. फुटबॉलचा विषय दोघीही काढत नाहीत.

स्पर्धेनंतर सरांनी टीमला थोडे दिवस सुट्टी दिली. पहिल्या सकाळी मी नेहमीच्या वेळी जागा झालो, अंधारात उठून बसलो, पट्टा गुडघ्यावर चढवायला घेतला. बायकोने तो माझ्या हातातून काढून घेतला. "झोपा," ती म्हणाली. मी झोपलो. उठलो तेव्हा ऊन पार पलंगापर्यंत आलं होतं, घरात कोणी नव्हतं आणि ओट्यावर माझा चहा झाकून ठेवला होता. तो पार गार झाला होता. मी तसाच प्यायलो.